डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी दख्खनचे पठार ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्राला मिळण्यापूर्वी तिला अनेक फाटे फुटतात. त्या फाट्यांच्या आसपासचा प्रदेश अतिशय सुपीक असून भातशेतीने नेहमी हिरवागार दिसतो. याच प्रदेशात, आजच्या आंध्र प्रदेश राज्यात, भीमावरम नावाचे गाव आहे. तेथे १२ जानेवारी १८९५ रोजी सुब्बारावांचा जन्म झाला. तेलुगू पद्धतीप्रमाणे घराण्याचे नाव आधी लावतात, म्हणून त्यांचे पूर्ण नाव येल्लाप्रगडा सुब्बाराव असे होते. पुढे याच मुलाच्या परिश्रमांतून निघालेली औषधे जगातील लक्षावधी रुग्णांच्या उपयोगी पडली. परंतु त्याचे नाव मात्र फारच थोड्यांच्या कानी गेले.

सुब्बारावांचे वडील जगन्नाथम् सरकारच्या महसूल खात्यात नोकरीस होते. प्रकृती साथ देईना म्हणून त्यांना ती नोकरी लवकर सोडावी लागली. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी, अशी त्या कुटुंबाची स्थिती होती. सुब्बाराव लहानपणी अभ्यासात काही चमकत नव्हते. घरच्या ओढगस्तीमुळे त्यांच्या मनात निराळेच विचार घोळू लागले. काशीला यात्रेकरूंची सदोदित गर्दी असते. तेथे जाऊन केळी विकली तर पुष्कळ पैसा मिळेल, असे त्यांनी ठरविले आणि वयाच्या तेराव्या वर्षी ते घरातून पळून गेले. परंतु त्यांची आई व्यंकम्मा ही मोठी निश्चयी बाई होती. तिने त्यांना शोधून परत आणविले आणि पुन्हा शाळेत बसविले. मुलाने शिकलेच पाहिजे, यापुढे तिला दुसरे काही दिसत नव्हते.

शाळेत बसविले तरी यश लगेच मिळाले नाही. मॅट्रिकच्या परीक्षेत सुब्बाराव दोन वेळा नापास झाले. मध्यंतरी वडिलांचे छत्रही हरपले. अखेर मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून तिसऱ्या खेपेस ते परीक्षा उत्तीर्ण झाले आणि तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. या काळात रामकृष्ण मिशनच्या कार्याकडे त्यांचे मन ओढ घेऊ लागले. संन्यास घ्यावा आणि दीनदुबळ्यांच्या सेवेत आयुष्य घालवावे असे त्यांना वाटू लागले. आईने या गोष्टीला संमती दिली नाही. मिशनमधील मंडळींनीही त्यांना वैद्यकीचे शिक्षण घेण्याचा सल्ला दिला. कारण रुग्णाची सेवा करावयाची तर नुसती कळकळ पुरत नाही, विद्याही लागते. सुब्बारावांना ते पटले आणि त्यांनी मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. शिक्षणाचा खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता. पुढे त्यांचा विवाह शेषगिरी यांच्याशी झाला आणि सासरे कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती यांनी जावयाच्या शिक्षणाला हातभार लावला.

ते दिवस असहकाराच्या चळवळीचे होते. महात्मा गांधींनी परदेशी कापड टाकून खादी वापरण्याचा संदेश दिला होता. सुब्बारावांनी तो मनापासून स्वीकारला आणि शस्त्रक्रियेच्या वेळी घालावयाचा पोशाखदेखील खादीचा शिवून घेतला. शस्त्रक्रिया शिकविणाऱ्या इंग्रज प्राध्यापकांना ही गोष्ट मुळीच रुचली नाही. इतर विषयांत चांगली प्रगती दाखवूनही सुब्बारावांना एम. बी. बी. एस. ही पूर्ण पदवी मिळाली नाही; त्याऐवजी एल. एम. एस. ही खालच्या दर्जाची पदवी त्यांच्या हाती पडली. त्यामुळे सरकारी वैद्यकीय सेवेचे दार त्यांना बंद झाले. तेव्हा मद्रास येथील एका आयुर्वेदिक महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकविण्याचे काम त्यांनी पत्करले.

याहून मोठा घाव त्यांच्या मनावर यापूर्वीच बसला होता. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने मरण पावले होते. त्यांना संग्रहणीचा विकार जडला होता. या विकारात आतड्यांना अन्नातील पोषक द्रव्ये शोषून घेता येत नाहीत. सारखे जुलाब होतात, जीभ लाल होऊन सोलवटते, अंगातील रक्त कमी होत जाते आणि रोगी दिवसेंदिवस खंगत जातो. समोर अन्न असूनही शरीराची उपासमार होते. त्या काळी या विकारावर खात्रीचा उपाय कोणालाही ठाऊक नव्हता. घरात वैद्यकी शिकणारा मुलगा असूनही कोणाला काही करता आले नाही. ही असहायता सुब्बारावांच्या अंतःकरणात खोल रुतून बसली. जे औषध अस्तित्वातच नाही, ते शोधून काढले पाहिजे, हा ध्यास त्यांनी घेतला.

उष्ण प्रदेशांतील रोगांचा अभ्यास करण्याची चांगली सोय त्या वेळी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात होती. काकिनाडा येथील मल्लाडी सत्यलिंगम् नायकर धर्मादाय संस्थेने आणि सासऱ्यांनी साह्य केले, म्हणून सुब्बारावांना परदेशगमन करता आले. २६ ऑक्टोबर १९२२ रोजी ते बोस्टन शहरात उतरले. हाती पैसा नाही, ओळखीचे माणूस नाही आणि हवा कडाक्याच्या थंडीची, अशी अवस्था होती. शिष्यवृत्तीही मिळाली नाही. तेव्हा दिवसा अध्ययन करावे आणि रात्री रुग्णालयात पडेल ते काम करावे, असा क्रम त्यांनी सुरू केला. रुग्णांची मलमूत्राची भांडी स्वच्छ करण्याचे कामही त्यांनी केले. पदवी घेतलेल्या वैद्याला हे काम कमीपणाचे वाटणे स्वाभाविक होते. परंतु सुब्बारावांनी त्याची लाज बाळगली नाही. या रीतीने त्यांनी उष्ण प्रदेशांतील रोगांविषयीचा अभ्यासक्रम पुरा केला.

त्यानंतर हार्वर्डमधील जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांना प्रवेश मिळाला. सजीवांच्या शरीरात कोणती द्रव्ये असतात आणि त्यांच्यात कोणत्या क्रिया घडतात, याचा विचार करणारे हे शास्त्र आहे. तेथे सायरस फिस्के यांच्या हाताखाली ते काम करू लागले. रक्तात आणि मूत्रात फॉस्फरस किती आहे हे मोजण्याची एक सोपी पद्धत या दोघांनी शोधून काढली आणि ती १९२५ साली प्रसिद्ध झाली. या पद्धतीत तपासावयाच्या द्रवात काही रसायने मिसळली की त्याला निळा रंग येतो. फॉस्फरस जितका अधिक, तितका रंग गडद. रंगाच्या गडदपणावरून फॉस्फरसचे प्रमाण ठरविता येते. ही पद्धत फिस्के-सुब्बाराव पद्धत या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांतून रूढ झाली आणि पुढे कित्येक पिढ्यांतील विद्यार्थी ती शिकले.

हाती मोजण्याचे चांगले साधन आले की न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. फिस्के आणि सुब्बाराव यांनी या पद्धतीने स्नायूंची तपासणी आरंभिली. आपण धावतो, ओझे उचलतो, तेव्हा स्नायूंना शक्ती कोठून मिळते, हा प्रश्न त्या काळच्या शास्त्रज्ञांपुढे होता. स्नायूंतील साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनते आणि त्यातूनच स्नायूंना आकुंचनाची शक्ती मिळते, असे तेव्हा मानले जाई. १९२७ साली या दोघांनी स्नायूंमधील फॉस्फोक्रिएटिन हे द्रव्य जगापुढे आणले. स्नायूने श्रम केले की हे द्रव्य कमी होते आणि विश्रांती मिळाली की पुन्हा भरून येते, असे त्यांना आढळले. दोन वर्षांनी, म्हणजे १९२९ साली, त्यांनी स्नायूंतून आणखी एक द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव अॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट असे असून ए. टी. पी. या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे हाच शोध लावला. या शोधांमुळे जुना समज बदलणे शास्त्रज्ञांना भाग पडले.

ए. टी. पी. चे महत्त्व एका उदाहरणाने ध्यानात येईल. बाजारात मोठी नोट घेऊन गेले तर भाजीची जुडी घेणे अवघड जाते. आधी नोट मोडून सुटे पैसे करावे लागतात. आपण खाल्लेले अन्न ही जणू मोठी नोट होय. शरीर ती मोडते आणि त्यातील शक्ती ए. टी. पी. च्या रूपाने सुट्या पैशांप्रमाणे साठविते. स्नायूंचे आकुंचन असो, मेंदूचे काम असो, की जखम भरून येणे असो, प्रत्येक ठिकाणी हेच सुटे पैसे खर्च होतात. मनुष्य, पक्षी, मासा, वृक्ष, इतकेच नव्हे तर अतिसूक्ष्म जंतू यांच्याही पेशींत हेच चलन चालते.

१९३० साली हार्वर्ड विद्यापीठाने सुब्बारावांना पीएच. डी. ही पदवी दिली. असे असूनही विद्यापीठात कायमची आणि मानाची जागा त्यांना मिळाली नाही. बरीच वर्षे ते दुय्यम जागेवरच राहिले. त्यांनी केलेल्या कामापैकी बराचसा भाग तर प्रसिद्धच झाला नाही. दुसरा एखादा मनुष्य यामुळे कडवट झाला असता. सुब्बारावांचे लक्ष मात्र आपल्या मूळ ध्यासावर खिळलेले होते. भावांचा बळी घेणाऱ्या विकारात अंगातील रक्त कमी होते. तेव्हा रक्तक्षयावरील औषधाचा शोध घेतल्यास त्या विकाराचेही मर्म सापडेल, अशी आशा होती.

त्या सुमारास बोस्टनमध्येच एक महत्त्वाची गोष्ट उघडकीस आली होती. एका घातक रक्तक्षयाचे रोगी रोज भरपूर यकृत खाल्ल्याने बरे होतात, असे जॉर्ज मायनट आणि विल्यम मर्फी या वैद्यांनी १९२६ साली दाखवून दिले होते. यकृतातील कोणते द्रव्य हा गुण देते, हे मात्र कोणास ठाऊक नव्हते. सुब्बाराव त्या द्रव्याच्या मागे लागले. यकृताचा अर्क काढावा, त्याचे निरनिराळे भाग वेगळे करावेत, प्रत्येक भागाचा गुण पारखावा, असे चिकाटीचे काम वर्षानुवर्षे चालले.

यकृताच्या कित्येक मणांत औषधी द्रव्य निघते ते चिमूटभर. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लहान लहान काचपात्रे असतात. तेथे द्रव्य ओळखता येते, परंतु रुग्णांना पुरेल इतके तयार करता येत नाही. त्यासाठी मोठमोठी पिंपे, यंत्रे, निरनिराळ्या शास्त्रांचे जाणकार आणि पुष्कळ द्रव्यबळ लागते. शोध कागदावर राहिला तर रोग्याचे दुखणे हटत नाही. हा विचार करून सुब्बारावांनी १९४० साली हार्वर्ड सोडले आणि लेडर्ली या औषधनिर्मिती करणाऱ्या संस्थेत प्रवेश केला. न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर या गावी या संस्थेचा कारखाना आणि प्रयोगशाळा होती. या संस्थेशी त्यांचा परिचय पूर्वीपासूनच होता. लवकरच त्यांच्याकडे तेथील संपूर्ण संशोधन विभागाचे प्रमुखपद आले. एकेकाळी रात्री रुग्णालयात भांडी घासणारा तरुण आता अनेक शास्त्रज्ञांचा नायक झाला.

नायक म्हणून सुब्बारावांची रीत आगळी होती. कोणत्या रोगांवर औषध हवे आहे, हे ते ठरवीत. प्रत्येक कामासाठी योग्य माणसे निवडीत. त्यांना लागेल ती सामग्री मिळवून देत आणि अडचणीच्या वेळी त्यांच्या पाठीशी उभे राहत. काम फळास आले की मात्र ते मागे सरत आणि सहकाऱ्यांना पुढे करीत.

संग्रहणीचा प्रश्न त्यांनी विसरून टाकला नव्हता. त्याच्या उत्तराचा एक धागा मुंबईत सापडला होता. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. तेथे कापडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या अनेक गरीब स्त्रियांना गरोदरपणी तीव्र रक्तक्षय होत असे. यीस्टचा अर्क दिल्याने त्या बऱ्या होतात, असे विल्सबाईंना आढळून आले. यीस्टमध्ये आणि यकृतात असे कोणते तरी जीवनसत्त्व आहे, जे या रक्तक्षयाला दूर करते, हे त्यावरून स्पष्ट झाले. १९४१ साली अमेरिकेतील टेक्सास येथील संशोधकांनी चार टन पालकाची पाने वापरून तसेच एक द्रव्य थोडेसे मिळविले. पानाला लॅटिन भाषेत फोलियम म्हणतात; त्यावरून त्या द्रव्याला फॉलिक आम्ल हे नाव पडले. परंतु चार टन पालकातून निघते ते इतके अल्प, मग हजारो रुग्णांना ते पुरवावे कसे?

ही अडचण सुब्बारावांच्या सहकाऱ्यांनी दूर केली. यकृतातून आणि सूक्ष्म जंतूंच्या साह्याने त्यांनी हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले, त्याच्या रेणूची रचना ओळखली आणि १९४५ साली ते प्रयोगशाळेत रसायनांपासून तयार करून दाखविले. आता पालकाची किंवा यकृताची गरज उरली नाही; हवे तितके औषध कारखान्यात तयार होऊ लागले. ही वार्ता देणाऱ्या निबंधावर १६ संशोधकांची नावे होती. सुब्बाराव संशोधनाचे प्रमुख होते, तरी त्यांचे नाव अक्षरानुक्रमाने जेथे यावयाचे तेथेच, सहा सहकाऱ्यांच्या मागे, छापलेले होते.

थोड्याच दिवसांत वैद्यांनी संग्रहणीच्या रोग्यांना फॉलिक आम्ल देऊन पाहिले. खंगलेले रोगी अन्न पचवू लागले, त्यांचे रक्त वाढू लागले. ज्या विकाराने आपले दोन भाऊ डोळ्यांदेखत नेले, त्यावर सुब्बारावांना अखेर उपाय मिळाला. त्यांच्या भावांना तो उपयोगी पडला नाही. परंतु जगातील असंख्य भावाबहिणींना तो उपयोगी पडला. आज भारतात गरोदर स्त्रियांना आणि शाळेतील मुलामुलींना लोहाच्या ज्या गोळ्या दिल्या जातात, त्यांत लोहाबरोबर हेच फॉलिक आम्ल असते.

यकृतातील दुसरे मौल्यवान द्रव्य, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व, मात्र सुब्बारावांच्या हाती लागले नाही. ते १९४८ साली अमेरिकेतील आणि इंग्लंडमधील इतर संशोधकांनी मिळविले. संशोधनाच्या मार्गावर निघालेल्याला ज्याचा शोध घ्यावा ते नेहमी सापडतेच असे नाही. पण वाटेत अनेकदा अनपेक्षित गोष्टी सापडतात. फॉलिक आम्लाच्या बाबतीत तसेच घडले.

बोस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर नावाचे वैद्य होते. ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेली मुले त्यांच्याकडे येत. त्या काळी तीव्र स्वरूपाचा हा रोग झालेले मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत असे. फॉलिक आम्लाच्या जातीची द्रव्ये दिल्यास हा रोग उलट जोराने वाढतो, असे फार्बर यांना दिसून आले. मग त्यांच्या मनात विचार आला की, ज्या द्रव्याने रोग वाढतो, त्याला अडविणारे द्रव्य दिले तर रोग हटावयास हवा. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेत अशी द्रव्ये तयार होत होती. कुलपात दुसरीच किल्ली घातली आणि ती आत अडकून बसली, तर कुलूप उघडत नाही आणि खरी किल्लीही आत जात नाही. ही द्रव्ये त्या अडकणाऱ्या किल्लीसारखी होती. ती दिसावयास फॉलिक आम्लासारखी, परंतु त्याचे काम न करणारी होती. त्यांतील अमिनोप्टेरिन हे द्रव्य सुब्बारावांनी फार्बर यांच्याकडे पाठविले. ते १६ मुलांना देण्यात आले आणि त्यांपैकी १० मुलांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. ही सुधारणा टिकाऊ नव्हती. काही काळाने रोग पुन्हा उलटला. तथापि, औषधाने हा रोग मागे हटू शकतो, हे १९४८ साली प्रथमच सिद्ध झाले. त्याच जातीचे मेथोट्रेक्झेट हे दुसरे औषधही या प्रयोगशाळेतूनच निघाले आणि आजही ते वापरात आहे. पुढे इतर औषधांची जोड मिळाली आणि आज चांगले उपचार मिळालेली बहुसंख्य मुले या रोगातून पूर्ण बरी होतात.

हत्तीपाय हा रोगही सुब्बारावांच्या परिचयाचा होता. डासांच्या दंशातून सूक्ष्म कृमी शरीरात शिरतात आणि हातपाय सुजून विद्रूप होतात. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागराच्या बेटांवर लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांनाही या कृमींनी ग्रासले. सुब्बारावांच्या सहकाऱ्यांनी त्यावर डायएथिलकार्बामाझिन हे औषध शोधले आणि १९४७ साली ते प्रसिद्ध झाले. विदर्भातील काही जिल्ह्यांत हत्तीपायाच्या निर्मूलनासाठी आरोग्यसेवक घरोघरी जाऊन ज्या गोळ्या देतात, त्यांत हे औषध असते.

आणखी एका कामात सुब्बारावांची माणसे पारखण्याची हातोटी दिसून येते. बेंजामिन डग्गर हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक सत्तर वर्षांचे होऊन विद्यापीठातून निवृत्त झाले होते. ज्या वयात लोक विश्रांती घेतात, त्या वयात त्यांना लेडर्लीत काम मिळाले. ठिकठिकाणच्या मातीचे नमुने मागवून त्यांतील सूक्ष्म जीवांची पारख करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. मिसूरी राज्यातील एका शेताच्या मातीत त्यांना सोनेरी रंगाचा एक सूक्ष्म जीव मिळाला. त्यापासून ऑरिओमायसिन हे औषध तयार झाले. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या कित्येक रोगजंतूंवर ते गुणकारी ठरले. टेट्रासायक्लीन या गटातील औषधांपैकी हे पहिले होय. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरत शहरात प्लेगने डोके वर काढले, तेव्हा याच गटातील औषधांचा मोठा उपयोग झाला.

ऑरिओमायसिनची माहिती १९४८ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क येथे शास्त्रज्ञांपुढे ठेवण्यात आली. सुब्बारावांच्या कार्याला या वेळी बहर आला होता. परंतु अतिश्रमाने झिजलेल्या शरीराने साथ सोडली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, हृदयविकाराने झोपेतच त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५३ वर्षांचे होते.

१९२२ साली मायभूमी सोडलेले सुब्बाराव पुन्हा भारतात येऊ शकले नाहीत. एक काम संपते तो दुसरे पुढे उभे राही आणि परतणे लांबणीवर पडे. पत्नी शेषगिरी मायदेशीच राहिल्या. पतीची पुन्हा भेट त्यांना लाभली नाही. सुब्बारावांच्या कार्याचा विचार करताना या साध्वीने सोसलेला विरहही ध्यानात ठेवला पाहिजे. सव्वीस वर्षे परदेशी राहूनही सुब्बाराव अमेरिकेचे नागरिक झाले नाहीत. अखेरपर्यंत ते भारतीयच राहिले.

त्यांना मोठमोठी पारितोषिके मिळाली नाहीत. पुढे एका बुरशीच्या वंशाला शास्त्रज्ञांनी त्यांच्या नावावरून सुब्बारोमायसेस असे नाव दिले आणि १९९५ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. औषधाच्या गोळीवर ती शोधणाऱ्याचे नाव लिहिलेले नसते. ती घेणारा रोगीही ते विचारीत नाही. तो बरा होतो आणि आपल्या कामाला लागतो. मॅट्रिकला दोनदा नापास झालेल्या, परदेशात हलकी कामे करून शिकलेल्या आणि विद्यापीठाने दूर ठेवलेल्या या संशोधकाला याहून अधिक काही नको होते. तारुण्यात संन्यास घेऊन दीनदुबळ्यांची सेवा करावी, अशी त्यांची इच्छा होती. भगवी वस्त्रे न घालता आणि मठात न राहता त्यांनी ती आपल्या प्रयोगशाळेत पूर्ण केली.